समाधानी ग्राहक

सोमवार, १ डिसेंबर

लागली बाई एकदाची नोकरी! मुरबाडला बाबा अख्ख्या आळीला सांगत सुटले होते, की मोबाईलवर बोटं फिरवायचा कुणी पगार देतं का. देतं म्हणावं. वर ऑफिसात एसी आहे, आणि माझ्या खुर्चीला चाकं आहेत.

कंपनीचं नाव ऊबजल. पाणी तापवायचे रॉड बनवतात, बादलीत सोडायचे, तेच. कारखाना अंबरनाथला एमआयडीसीत आणि ऑफिस उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये. खाली दाल-पकवानची गाडी आणि वर आम्ही. गाडीवाल्या सिंधी काकांनी मला नवीन बघून एक पकवान जास्तीचं दिलं. दिवसाची सुरुवातच झकास. मालक शंकरराव कारखान्यात बसतात. ऑफिस सांभाळतात नीलिमा मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून तोच शोधत फिरतात. त्यांच्या हाताखाली मी एकटी.

माझं काम असं. जगात कुणीही, कुठेही 'ऊबजल' लिहिलं की ते माझ्या पडद्यावर येऊन पडतं. त्या सॉफ्टवेअरला ऑफिसात 'कान' म्हणतात. कानाने ऐकलेलं मी वाचायचं आणि तीन खान्यांत टाकायचं, चांगलं, वाईट नाहीतर मधलं. वाईट असेल तर तक्रार उघडायची आणि ठरलेलं उत्तर चिकटवायचं : आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया बिलाचा फोटो पाठवावा. आपल्या मनाचं अक्षरही लिहायचं नाही. त्यातून शॉक, करंट, दोष हे शब्द तर मुळीच नाहीत, उद्या कुणी कोर्टात दाखवलं तर? मग गिऱ्हाईक अठ्ठेचाळीस तासांत परत बोललं नाही की तक्रार बंद करायची आणि पुढे लिहायचं 'समाधानी'. मी विचारलं, गप्प बसला म्हणजे समाधानी कसा काय? नीलिमा मॅडम हसल्या. म्हणाल्या, अगं, त्रास असता तर परत बोंबलला नसता का? मला पटलं.

खोली बदलापूरला, मांजर्लीत, पुतळाबाईंकडे. बाई एकट्याच असतात आणि गप्पिष्ट आहेत. भिंतीवर माझ्या छातीपर्यंत पुराच्या पाण्याची रेघ आहे, ती त्यांनी मला घरातला दागिना दाखवावा तशी दाखवली. रंग देऊन पण जात नाही म्हणे. उद्या डब्याला मेथीची भाजी देणार आहेत. मजा आहे माझी.

बुधवार, ३ डिसेंबर

लोक काय काय लिहितात, देवा! हॉस्टेलच्या एका पोराने आमच्या रॉडने बादलीत बारा अंडी उकडली आणि व्हिडिओ टाकला. कुठल्या खान्यात टाकू विचारलं तर मॅडम म्हणाल्या चांगलं, अंडी उकडली ना? नाशिकच्या एका नवरदेवाला मित्रांनी लग्नात रॉड दिला, बायको थंड आहे म्हणून. त्याला मी 'वाईट'मध्ये टाकलं. माझा राग म्हणून.

तक्रारी रोज वीसेक येतात. वायर तापते, पाणी उशिरा तापतं, कुणाकुणाला हाताला मुंग्या येतात. मी सगळ्यांना तेच उत्तर चिकटवते. बहुतेक लोक परत येतच नाहीत. बिल कोण जपून ठेवतंय?

दुपारी मॅडम आणि मी डबे वाटून खातो. त्यांचा मुलगा सोहम बारावीला आहे, त्याच्याच गोष्टी चालतात. मग त्या बेसिनवर माझा डबापण विसळून देतात. मी नको म्हटलं की ओरडतात.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज एक बाई आल्या, म्हणजे पडद्यावर. शीला सोनकांबळे. राहतात मांजर्लीतच, पुतळाबाईंच्या घरामागे दोन गल्ल्या सोडून. फार नीट लिहिलं होतं : नमस्कार ताई, तुमचा रॉड मागच्या महिन्यात घेतला, पाण्यात हात घातला की मुंग्या येतात, बटण बंद केल्यावर पण थोड्या येतात, घरात आठ वर्षांची मुलगी आहे. खाली निळ्या बादलीचा फोटो.

मी उत्तर चिकटवलं. त्यांनी लगेच लिहिलं, बिल सापडत नाही ताई, बिल राहू द्या. वापरू की नको तेवढंच सांगा.

तेवढंच सांगा म्हणे. मी लिहिलं, 'वापरू नका'. लिहिलं आणि बघत बसले. मग वाटलं, हे कुणी फोटो काढून फिरवलं तर माझं कायम व्हायच्या आधीच मुरबाडचं तिकीट. बाबा तर वाटच बघतायत. खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं. शेवटी बिलाचंच वाक्य पुन्हा चिकटवलं आणि डबा खायला गेले. सगळ्यांनाच मुंग्या येतात, काही होत नाही कुणाला.

मॅडमनी आज मटकीची उसळ आणली होती.

सोमवार, ८ डिसेंबर

आठवड्यात त्रेचाळीस तक्रारी बंद! मॅडमच्या आजवरच्या कुठल्याच माणसाने एवढ्या केल्या नव्हत्या. शंकरराव स्वतः ऑफिसात आले, पेढ्याचा बॉक्स घेऊन. पांढरा शर्ट, पांढरे बूट, बोलायला एकदम गोड. म्हणाले, पोरगी तयार आहे. नीलिमा मॅडमनी माझं नाव पांढऱ्या फळ्यावर लिहिलं आणि बाजूला चांदणी काढली. मी त्या फळ्याचा फोटो बाबांना पाठवला.

त्या त्रेचाळीसात शीला सोनकांबळे पण. शुक्रवारनंतर काही बोलल्या नाहीत. तक्त्यात त्यांच्या ओळीपुढे लिहिलं, शेवटी माझं नाव : समाधानी. नोंद करणार : जिज्ञासा.

बुधवार, १० डिसेंबर

आज सकाळी आमच्या जाहिरातीखाली शीलाबाईंची कमेंट आली : 'मी समाधानी नाही.'

मी जरा चरकलेच. 'समाधानी' आम्ही आमच्या आतल्या तक्त्यात लिहितो. गिऱ्हाइकाला त्यातलं काहीसुद्धा दिसत नाही. तिला कसं कळलं? मी कमेंट लपवली. चहा पिऊन आले तर परत तिथेच. परत लपवली. दुपारपर्यंत सात वेळा लपवली आणि आठव्यांदा ती आमच्या सगळ्या जाहिरातींखाली होती. मॅडम म्हणाल्या, सॉफ्टवेअर येडं झालंय, घरी जा.

गुरुवार, ११ डिसेंबर



कानाने सकाळी एक पोस्ट पकडली. लिहिणारा राजेंद्र सोनकांबळे. लिहिलं होतं, की ऊबजलच्या रॉडने माझी पत्नी शीला हिचा शनिवारी सकाळी मृत्यू झाला. जलदान विधी रविवारी, राहत्या घरी, मांजर्ली.

शनिवार म्हणजे सहा तारीख. मी तिला सोमवारी समाधानी लिहिलं. आणि कालची कमेंट?

मॅडमना दाखवलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या, मग सावरल्या. म्हणाल्या, नवरा वापरत असेल तिचा फोन. तीन खात्यांवरून पोस्टची तक्रार करायला लावली, मी केली. हो, केली मी. संध्याकाळपर्यंत पोस्ट गायब.

दुपारी तो माणूस स्वतः आला होता. अंबरनाथला एका कारखान्यात फिटर आहे, युनिफॉर्मवरच आला. आरडाओरडा नाही काही नाही. म्हणाला, तुमच्या मालकांनी पोलिसांना एक छापील कागद दिलाय, त्यात लिहिलंय की माझी बायको समाधानी होती, तिची काही तक्रार बाकी नव्हती. म्हणून आता सगळे म्हणतात, तिनेच ओला हात लावला असेल. तिला समाधानी कुणी लिहिलं एवढं सांगा. मॅडम म्हणाल्या, सिस्टीम आपोआप लिहिते. मी संगणकाच्या मागे मान घालून बसले होते.

जाता जाता मॅडमनी त्याला म्हटलं, की बायकोच्या फोनवरून कमेंटी टाकणं थांबवा. तो दारातून परत फिरला. म्हणाला, तिचा फोन त्या दिवशी तिच्या हातातून बादलीत पडला, मेला, पोलिसांकडे सीलबंद आहे.

रविवार, १४ डिसेंबर

गेले. का गेले मला माहीत नाही. पुतळाबाई निघाल्या होत्या, त्यांच्या ओळखीची होती शीला, भाजीच्या गाडीवर गाठ पडायची. म्हणाल्या, चल, दोन गल्ल्या तर आहेत. नाही म्हणायला काही सुचलं नाही.

जिन्यात चपलांचा ढीग. आत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या बाजूला शीलाबाईंचा फोटो, समोर मेणबत्त्या. भंतेजींच्या मागोमाग सगळे वंदना म्हणत होते. मी मागे भिंतीला टेकून बसले. फोटोतल्या बाई माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. फोटोतली माणसं सगळ्यांकडेच बघतात म्हणा.

मुलीचं नाव ओवी. चहाचे कप वाटत होती. माझ्याशेजारी येऊन बसली, कारण पुतळाबाईंना ती ओळखते. आपणहूनच सांगायला लागली, की आई शुक्रवारी शाळेतून मला घ्यायला उशिरा आली. फोनमध्ये बघत होती ना. कंपनीची ताई लिहितेय, लिहितेय असं दिसत होतं. आई म्हणाली, थांब, सांगतायत त्या. मग बंद झालं, मग परत लिहितेय दिसलं. रात्री जेवताना पण आई फोन उघडून बघत होती.

मी उठले. राजेंद्रनी दारात विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, शेजारी. पुतळाबाईंकडे राहते.

खोटं नाही ते. पण खोटंच आहे. घरी येऊन स्वतःच्या दोन मुस्काटात मारून घेतल्या. सोडा म्हणावं तर नोकरी सोडवत नाही, सांगावं तर जीभ उचलत नाही. असली कसली मी?

सोमवार, १५ डिसेंबर

दुपारी एक वीस. शीला सोनकांबळेच्या खात्यावरून नीलिमा मॅडमच्या नावाने मेसेज आला. आमचीच भाषा, आमचाच साचा :

'नमस्कार. माझी तक्रार उघडा. अठ्ठेचाळीस तासांत प्रतिसाद न आल्यास आपण समाधानी आहात असे धरले जाईल.'

हे शेवटचं वाक्य आम्ही कधीच कुणाला पाठवत नाही. तो आमचा आतला नियम.

मी मॅडमना म्हटलं, उघडा ना तक्रार, तुमच्या पासवर्डने उघडते, एक बटण दाबायचंय. त्या भडकल्या. म्हणाल्या, उघडली की पोलिसांना दिलेला कागद खोटा ठरतो, मग शंकरराव तुला पण दारात उभी करणार नाहीत आणि मला पण नाही, माझा सोहम बारावीला आहे. त्यांनी ते खातं ब्लॉक केलं. डबा उघडला, पण दोघींनी खाल्लं नाही.

बुधवार, १७ डिसेंबर

नीलिमा मॅडम गेल्या.

मी तिथेच होते. बेसिनवर डबे विसळत होत्या, माझा आणि त्यांचा. नळाचं गार पाणी. तिथे ना रॉड ना वायर, साधा बोर्डसुद्धा नाही. 'अगं मुंग्या' एवढंच म्हणाल्या. वळून माझ्याकडे बघितलं आणि खाली बसल्या. खालचे सिंधी काका धावत वर आले, रिक्षा आणली, सगळं केलं. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं. पण त्यांची बोटं मी बघितली. टोकाशी काळी होती सगळी, जळल्यासारखी.

घड्याळ पण बघितलं होतं. एक वीस.

पर्स घ्यायला ऑफिसात परत आले तर पडद्यावर तक्ता उघडा. शेवटी एक नवी ओळ. नीलिमा. समाधानी. नोंद करणार : जिज्ञासा.

मी नाही लिहिलं. आई शप्पथ मी नाही लिहिलं.

गुरुवार, १८ डिसेंबर

शंकरराव आले. मॅडमच्या खुर्चीत बसून पहिलं काय विचारलं असेल, तर आता त्यांचं काम कोण करणार. मी हिंमत करून सगळं सांगितलं. शीलाबाई, कमेंटी, अठ्ठेचाळीस तास, सगळं. म्हटलं, तक्रार उघडा साहेब, तो कागद परत घ्या. आणि बाजारातला माल पण परत बोलवा, मुंग्यांच्या वीस तक्रारी मी एकटीने बंद केल्यात.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मला माहीतच आहे. उन्हाळ्यात बनवलेल्या मालात करंट अडवणारा आतला लेप पातळ आहे. थंडी संपली की आपोआप विकून संपेल. असल्या अडाणी बायकांना ओल्या हाताने बटणं दाबायची सवयच असते. आणि मला म्हणाले, नोंद करणार म्हणून नाव तुझं आहे पोरी, माझं कुठेच नाही, तेव्हा जरा जपून.

गोड आवाजात हं. पेढे देताना होता त्याच आवाजात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माहीत होतं! ह्याला माहीत होतं!

ते खाली गाडीत जाऊन बसले आणि पडद्यावर मेसेज आला, शंकररावांच्या नावाने. एक वाजून पाच मिनिटं. तोच मजकूर. मालकांच्या नावाने काही आलं तर ताबडतोब फोन करायचा, हा माझ्या कामातला पहिला नियम.

मी फोन हातात घेतला. नंबर काढला.

आणि ठेवून दिला.

शनिवार, २० डिसेंबर

झालं.

अंबरनाथला एका हॉटेलात, व्यापाऱ्यांसोबत जेवत होते. जेवण झालं, वेटरने हात धुवायला वाटीत कोमट पाणी आणलं, लिंबाची फोड टाकून. बोटं बुडवली आणि गेले. कारखान्यातल्या मुनीमजींनी फोनवर सांगितलं, रडत होते. मी विचारलं, किती वाजले होते. ते म्हणाले, हे काय विचारणं झालं? मग म्हणाले, एक-सव्वाएकच्या सुमारास.

मला बरं वाटलं. लिहूनच ठेवते, उगाच साव कशाला बनू? खूप बरं वाटलं. पुतळाबाईंना म्हटलं आज शिरा करा. दोन वाट्या खाल्ला.

मग फोनवर तक्ता उघडला. शंकरराव. समाधानी. नोंद करणार : जिज्ञासा.

आणि शिरा सगळा ओकला. कारण ही ओळ खोटी नाही. दोन दिवस माझ्या हातात होते. मी गप्प बसले आणि तेवढ्यात एक माणूस मेला. दुसऱ्यांदा.

सोमवार, २२ डिसेंबर

अकरा दहा.

आला. माझ्या नावाने.

'नमस्कार ताई. माझी तक्रार उघडा. अठ्ठेचाळीस तासांत —'

मॅडमना ताई नव्हतं लिहिलं. मालकांना पण नाही. मलाच.

मी लगेच लिहिलं, वापरू नका, वापरू नका शीलाताई, रॉड खराब आहे, चूक आमची आहे, माफ करा. दहा वेळा पाठवलं. तिकडून 'लिहीत आहे' दिसायला लागलं.

दिसतंय. बंद होतंय. परत दिसतंय. मी जागची हललेले नाही. चार वाजले.

येत काहीच नाही. नुसतं लिहीत आहे — लिहीत आहे —

असं वाटलं होतं तर तिला.

मंगळवार, २३ डिसेंबर

पाण्याला हात लावला नाही कालपासून. आंघोळ नाही, तोंड धुतलं नाही. कोरडी बिस्किटं. ओठ फुटलेत. पुतळाबाई म्हणतात ताप आलाय, कपाळावर ओली पट्टी ठेवायला आल्या — मी किंचाळले. बिचाऱ्या घाबरून बाहेर गेल्या.

तक्रार उघडत नाही. मॅडमचा पासवर्ड लागतो नाहीतर मालकांचा. दोघंही — कारखान्यात फोन केला. मुनीमजी म्हणाले, मालकांचे तेरा दिवस होऊ देत, मग बघू.

तेरा दिवस! मला तेवढे कोण देतंय?

पळावं का मुरबाडला? पाणी तिथेपण आहे.

एक रस्ता आहे. तक्त्यात उघडत नसेल तर कागदावर उघडायची. पोलिसांकडे मालकांचा कागद गेलाय, तसा माझा जाऊ दे. मी समाधानी लिहिलं, न विचारता लिहिलं, मालकाला मालाचं माहीत होतं — सगळं सहीनिशी. मग मला पण आत टाकतील. टाकू देत.

ही वहीच नेऊन देते राजेंद्रना, पोलिसांत तेच देतील. उद्या सकाळी, अकराच्या आत.

बुधवार, २४ डिसेंबर

दहा चाळीस. त्यांच्या घरात बसलेय.

राजेंद्रनी वही उभ्या-उभ्या वाचली, पहिल्या पानापासून. त्या शुक्रवारच्या पानावर फार वेळ थांबले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, शेजारी म्हणून बसला होतात ना माझ्या घरात? मग खुर्ची पुढे केली. म्हणाले, इथेच खाली लिहा, स्वतःच्या हाताने, मी साक्षीदार घेऊन येतो. खाली गेलेत. ओवी आत आहे.

लिहिते.

मी, जिज्ञासा, लिहून देते की शीला राजेंद्र सोनकांबळे यांची तक्रार मी त्यांना न विचारता बंद केली. त्या समाधानी नव्हत्या. त्यांनी मला विचारलं होतं, रॉड वापरू की नको, आणि मला उत्तर माहीत होतं. शंकररावांना माल खराब असल्याचं माहीत होतं, तसं ते माझ्यासमोर म्हणाले. ऊबजलच्या रॉडबद्दल मुंग्यांच्या आणखी वीस तक्रारी मी अशाच बंद केल्या, त्या घरांना आजच्या आज कळवावं. शीलाताईंची तक्रार उघडी आहे. सही — जिज्ञासा. २४ डिसेंबर, अकरा वाजून दोन मिनिटं.

झाली की नाही उघडून? झाली ना?

फोनवर काही येत नाही. लिहीत आहे — बंद — लिहीत आहे —

जिन्यात अजून पावलं नाहीत. ते येईपर्यंत लिहीत राहते.

अकरा सहा. ओवी पाणी घेऊन आलीये. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं, शहाणी पोर. स्टीलचा पेला, काठोकाठ. मी नको म्हटलं. घसा एवढा सुकलाय की नको पण नीट म्हणता आलं नाही. तिला वाटलं मी घाबरले. म्हणाली, घाबरू नका ताई, मी बघून देते. आई रोज माझ्या आंघोळीआधी स्वतः हात घालून बघायची, मुंग्या येतात का. त्या दिवशीपण तिनेच आधी घातला. मी टॉवेल घेऊन दारातच होते. आता मी बघते, पप्पांचं पण, सगळ्यांचं.

म्हणजे तिच्यासाठी — पोरीच्या आधी स्वतः —

मी खोडत बसले आणि ती रोज —

अकरा आठ. तिने बोट पेल्यावर धरलंय. हिला काही होणार नाही. आई आहे ती हिची, स्वतःच्या लेकीला नाही काही करणार. काही होत नाही कुणाला असं मी त्याही दिवशी —

नाही. नाही, ओवी, नको बुडवू. इकडे आण तो पेला. माझ्याकडे दे, मी आधी हात